मला पोहता येत नाही!

मित्रमैत्रिणींनो,

काय म्हणतेय शाळा? नव्या पुस्तकांना कव्हरं घालून झाली? बाकावरच्या जागेवरून भांडणं झाली? झाली असतीलच! मागच्या आठवड्यात मी तुम्हाला युगांडातल्या आमच्या शाळेच्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगितली, त्यावर पुष्कळ पत्रं आली. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच, "ताई, तिथे नुसतं शिकवतच होतात की कधी सहलीलाही गेलात?" आणि सातवीतल्या एका मुलीनं लिहिलंय, "ताई, तुम्ही एवढ्या लांब एकट्या राहिलात, म्हणजे तुम्हाला कश्शाचीच भीती वाटत नसणार!"

या दोन्ही पत्रांना मी आज एकदमच उत्तर देणार आहे. कारण सहलीला मी गेले होते, आणि त्याच सहलीत माझी अशी काही घाबरगुंडी उडाली होती की विचारू नका.

नव्या वाचकांना आधी थोडं सांगते, हं. २००६ साली मी एका स्वयंसेवी संस्थेतर्फे पूर्व आफ्रिकेतल्या युगांडा देशात गणित शिकवायला गेले होते. स्वयंसेवक म्हणजे पगार नाही. राहण्याजेवण्यापुरता भत्ता आणि बाकी सगळी हौस! आमची शाळा इगांगा नावाच्या गावाजवळ होती. माझ्या वर्गात बहात्तर मुलं. फळा, खडू आणि मी. माझी एकच अडचण होती. गणित शिकवून झालं की मी विचारायची, "समजलं का?" आणि बहात्तर गळ्यांतून एकदम उत्तर यायचं, "येस, मॅडम!" अगदी छत उडून जाईल असं. पण पेपर तपासायला घेतले की निम्म्याहून जास्त मुलं नापास! मला काही कोडं उलगडेना. समजलं म्हणतात, मग गणितं का चुकतात?

हे कोडं लक्षात ठेवा. त्याचं उत्तर मला वर्गात सापडलं नाही. ते सापडलं नाईल नदीत.

नाईल! भूगोलाच्या पुस्तकात भेटलेली तीच. साडेसहा हजार किलोमीटरहून लांब. आपली कृष्णा महाबळेश्वरहून निघून बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत सुमारे चौदाशे किलोमीटर वाहते, म्हणजे बघा! युगांडात जिंजा नावाचं शहर आहे. तिथे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते आणि उत्तरेकडे चालू लागते. हे सरोवर केवढं? आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही मोठं. काठावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसतच नाही. जिंजाला निघालेलं पाणी इजिप्तमधून भूमध्य समुद्राला पोचायला तीन महिने लागतात, असं सांगतात. तुमची सहामाही परीक्षा होऊन जाईल तेवढ्यात!

जॉन स्पीक नावाचा इंग्रज प्रवासी १८६२ साली इथे पोचला आणि "नाईलचा उगम सापडला" असं त्यानं जगाला कळवलं. काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बासोगा लोकांना मात्र त्यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या भाषेत या नदीला आधीपासूनच छान नाव होतं, 'कियीरा'.

तर जुलै महिन्यात आम्ही सहा जणांनी ठरवलं, शनिवार-रविवार जिंजाला जायचं. सहा जण म्हणजे कोण कोण? आमच्या भागात काम करणारी स्वयंसेवक मंडळी. फिलिपीन्सहून आलेली एक नर्स, तिला आम्ही सगळे 'सिस्टर' म्हणायचो. हॉलंडचे एक निवृत्त पाणीपुरवठा इंजिनीअर, वय त्रेसष्ट, ते आमचे 'काका'. कॅनडाहून आलेला एक संगणकवाला, उंच, बडबड्या आणि सतत आपल्या पराक्रमांच्या गोष्टी सांगणारा. केनियाहून आलेली एक शिक्षिका, ती मूकबधिर मुलांना शिकवायची. मी. आणि आमच्या शाळेचे उपमुख्याध्यापक. ते युगांडाचेच. सुटीच्या दिवशी खेड्यातल्या प्रौढांना फुकट लिहायला-वाचायला शिकवायचे, म्हणून आम्ही त्यांनाही आमच्यातच धरायचो. सर पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, घोट्यापर्यंत पॉलिश केलेले बूट. त्यांना बघितलं की मुलं आपोआप सरळ उभी राहायची. खरं सांगायचं तर मीसुद्धा!

जिंजाला काय करायचं? राफ्टिंग! हवा भरलेल्या मोठ्या रबरी होडीत बसायचं, हातात वल्हं घ्यायचं आणि खडकांमधून उसळत जाणाऱ्या पाण्यातून खाली जायचं. अशा उसळत्या पाण्याला मी इथे 'खळाळ' म्हणते. खळाळांना एक ते सहा असे क्रमांक देतात. एक म्हणजे जरासं हलणारं पाणी. पाच म्हणजे भले भले थरथर कापतात असं. आणि सहा म्हणजे तिथे होडी घालायचीच नाही. जिंजाजवळ पाच क्रमांकाचे खळाळ एकामागून एक होते.

बेत ठरताना कॅनडावाला म्हणाला, "सगळ्यांना पोहता येतं ना?"

सगळे म्हणाले, "हो हो." मीही म्हणाले, "हो, थोडंफार."

थोडंफार! दोस्तांनो, मला पोहायला अजिबात येत नव्हतं. आणि गंमत बघा, माझं गाव कृष्णाकाठचं! वाळव्याकडचं. आमच्याकडे उन्हाळ्याची सुटी लागली की मुलांच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे आणि द्यायचे विहिरीत ढकलून. आधी गटांगळ्या, मग हातपाय मारणं, आणि आठ दिवसांत डबा सुटायचा. माझा दादा असाच शिकला, चुलतभाऊ असेच शिकले. आणि मी? मी काठावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळायची! मुलींनी विहिरीत उडी मारायची पद्धतच नव्हती. एकदा मी हट्ट केला, तर आजी म्हणाली, "पोरीच्या जातीला काय करायचंय पोहून?" झालं. विषय संपला.

पण हे त्या पाच जणांना कसं सांगणार? मी भारतातून आलेली एकटीच. "हिला पोहताही येत नाही," असं म्हणतील, मला वगळतील, नाहीतर हसतील. त्यापेक्षा गप्प बसावं. शनिवारी सकाळी राफ्टिंगवाल्यांनी एक फॉर्म भरायला दिला. त्यात प्रश्न होता, 'पोहता येतं का?' मी 'हो' समोर बरोबरची खूण केली. मुलांना परीक्षेत खोटेपणा करू नका म्हणून बजावणारी मी, बरं का!

नदीकाठी पोचलो तेव्हा पोटात भुकेनं आणि भीतीनं एकदमच कावळे ओरडत होते. तिथल्या टपरीवर आम्ही 'रोलेक्स' घेतला. घड्याळ नव्हे! अंड्याचं ऑम्लेट चपातीत गुंडाळून देतात, त्याचं नाव रोलेक्स. 'रोल्ड एग्ज' भराभरा म्हणून बघा, म्हणजे नाव कसं पडलं ते कळेल. चपातीला तिथे 'चपाती'च म्हणतात. भारतातून तिकडे गेलेल्या माणसांबरोबर ती गेली आणि तिथलीच होऊन राहिली.

समोर बुजागाली धबधबा होता. धबधबा म्हणजे उंचावरून कोसळणारा नाही, तर रुंद नदी खडकांच्या पायऱ्यांवरून फेसाळत उतरत होती. तेवढ्यात एक दहावी-अकरावीतला वाटेल असा मुलगा पिवळा जेरीकॅन घेऊन आला. युगांडात घरोघरी पाणी आणायला असे वीस लिटरचे जेरीकॅन वापरतात. त्यानं झाकण घट्ट लावलं, रिकामा जेरीकॅन छातीशी धरला आणि मारली की उडी! फेसात तो दिसेनासा झाला. माझा श्वास अडकला. आणि मग पार खाली, शांत पाण्यात, आधी पिवळा जेरीकॅन वर आला आणि मागोमाग त्याचं हसरं डोकं. प्रवाशांना हे दाखवून तो चार पैसे मिळवत असे. मला एकदम दादाच्या पाठीवरचा डबा आठवला. कृष्णेचा डबा आणि नाईलचा जेरीकॅन, युक्ती एकच!

या युक्तीतलं विज्ञान तुम्हाला ठाऊक आहे, आर्किमिडीजचं. वीस लिटरचा रिकामा जेरीकॅन पूर्ण बुडवायचा तर त्याला वीस लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. वीस लिटर पाण्याचं वजन वीस किलो. जेरीकॅनचं स्वतःचं वजन किलोभर. म्हणजे जवळजवळ एकोणीस किलोचा जोर त्याला वर ढकलतो. आपलं शरीर पाण्यात तसंही जवळपास तरंगतंच. डोकं वर ठेवायला थोडीच मदत लागते. म्हणून लाइफ जॅकेटचा दहा किलोच्या आसपासचा जोरही पुरतो.

आम्हाला लाइफ जॅकेट आणि हेल्मेट चढवून काठावर ओळीत उभं केलं. आमचा गाईड तिथलाच, नदीकाठी वाढलेला, पंचविशीचा तरुण. त्यानं वल्हं कसं धरायचं ते शिकवलं. पाण्यात पडलात तर काय करायचं, ते सांगितलं. मग तो थांबला. एकेकाच्या डोळ्यांत बघत त्यानं विचारलं, "आता खरं खरं सांगा. तुमच्यात कुणाला पोहता येत नाही?"

सगळे गप्प. मी बुटांकडे बघत होते. छातीत नुसती धडधड. फॉर्मवर तर 'हो' लिहिलंय! आता हात वर केला तर खोटं बोलले हे सगळ्यांना कळणार. आणि नाही केला तर? समोर बुजागाली गर्जत होता. तरीही, दोस्तांनो, खरं सांगते, माझा हात वर गेला नाही. बुडण्यापेक्षा मला लाजेची भीती जास्त वाटत होती.

इतक्यात माझ्या शेजारचा एक हात वर गेला. कडक इस्त्रीच्या बाहीचा.

उपमुख्याध्यापक सर! ते शांतपणे म्हणाले, "मला येत नाही. माझा जन्म या नदीपासून तीन किलोमीटरवर झाला. लहानपणी हिचंच पाणी डोक्यावरून घरी नेलं. पण मला पोहता येत नाही."

कुणी हसलं नाही. उलट त्या क्षणी सर मला नेहमीपेक्षा उंच वाटले. आणि मग माझाही हात आपोआप वर गेला. "मलाही येत नाही. मी फॉर्मवर खोटं लिहिलं." पाठोपाठ सिस्टर म्हणाली, "मला येतं, पण डोकं पाण्याखाली गेलं की मी घाबरते." केनियाची शिक्षिका म्हणाली, "मी पोहले त्याला दहा वर्षं झाली." आणि सगळ्यात शेवटी आपला पराक्रमी कॅनडावाला, कान लाल करून, "मी तलावात पोहतो. वाहत्या पाण्यात कधीच उतरलो नाहीये." उरले फक्त काका! त्यांच्या देशात तर लहानपणीच पोहण्याची परीक्षा असते, आणि त्यात अंगावरच्या कपड्यांनिशी पोहून दाखवावं लागतं. कारण पाण्यात पडणारा माणूस काही कपडे बदलून पडत नाही!

गाईड हसला. म्हणाला, "छान! पोहता येत नाही म्हणून इथे कुणी अडत नाही. पण मला कळलं पाहिजे. जो सांगतो, त्याच्यावर मी नजर ठेवू शकतो. जो लपवतो, त्याच्याकडे मी बघणारच नाही, कारण मला वाटेल, याला येतंय!"

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा खरा अर्थ तासाभरानं कळला.

त्यानं आमच्या जागा बदलल्या. मला आणि सरांना आपल्या अगदी पुढ्यात, होडीच्या मागच्या बाजूला बसवलं. आधी शांत पाण्यात सगळ्यांना उड्या मारायला लावल्या. मी डोळे मिटून उडी मारली आणि बुचासारखी वर आले! आयुष्यात पहिल्यांदा पाण्यानं मला उचलून धरलं होतं. गाईडनं पुन्हा बजावलं, "खळाळात पडलात तर उभं राहायचं नाही, पाय खडकांत अडकतो. उताणं व्हा, पाय पुढे करा, बोटं पाण्याबाहेर. पाण्याखाली गेलात तर श्वास धरा आणि आकडे मोजा. जॅकेट तुम्हाला वर आणतंच. फक्त फेसात थोडा वेळ जास्त लागतो." का बरं? कारण तो पांढरा फेस म्हणजे पाणी आणि हवेचे बुडबुडे यांची मिसळ. हवा मिसळलेलं पाणी हलकं. ते आपल्याला नेहमीच्या पाण्याइतकं उचलून धरत नाही.

बुजागाली आम्ही किंचाळत पण धडधाकट उतरलो. पुढचा एक खळाळही. मी जरा शेफारलेच! आणि तिसऱ्या ठिकाणी समोर पाण्याची भिंत उभी राहिली. भिंतच! होडी तिच्यावर चढली, क्षणभर आकाशात थांबली आणि उलटी झाली.

सगळं पांढरं. मग हिरवं. मग काळं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. कानात नुसता घुमघुमाट. कशीबशी आठवण झाली, आकडे मोजायचे. मी मोजू लागले. एक. दोन. तीन. (मराठीतच हं! घाबरल्यावर दुसरी भाषा आठवत नाही.) चार. हे जॅकेट काम करतंय की नाही? पाच. आई गं! सहा...

आणि उजेड! मी तोंड उघडून हवा घेतली, अर्धी हवा, अर्धी नाईल. हात वेडेवाकडे मारणार, इतक्यात गाईडची कर्कश शिट्टी ऐकू आली. तो उलट्या होडीवर चढून उभा होता आणि बोट दाखवत होता, थेट माझ्याकडे! कयाक नावाची एकट्यानं वल्हवायची चिंचोळी होडी घेऊन त्याचा एक साथीदार आमच्याबरोबर चालला होता. तो त्या खुणेसरशी वळला आणि सरळ माझ्यापाशी आला. "पुढचं टोक धर!" मी असं धरलं, की नंतर माझी बोटं सोडवावी लागली. मागे वळून बघते तर गाईडनं सरांना जॅकेटच्या खांद्यांना धरून होडीवर ओढून घेतलेलं. सरांचा चश्मा दोरीनं बांधलेला होता म्हणून वाचला, पण एक बूट कायमचा नाईलला अर्पण झाला!

आणि कॅनडावाला? तो तीस-चाळीस मीटर लांब एकटाच वाहत चालला होता, उताणा, पाय पुढे, अगदी सांगितल्यासारखा. त्याला सगळ्यात शेवटी उचललं. कारण गाईडला ठाऊक होतं, याला तेवढं जमेल.

कळलं ना? त्या पाण्यात सहा डोकी होती आणि शिट्टी एकच. त्या माणसानं कुणाकडे आधी बघायचं हे काठावरच ठरलं होतं, आम्ही हात वर केले त्या क्षणी. मी गप्प बसले असते, तर तो माझ्याकडे बोट दाखवता ना.

दुपारनंतर आणखी एक गंमत झाली. इटांडा नावाचा धबधबा आला. नुसता आवाज ऐकूनच पोटात गोळा आला. पण गाईडनं होडी काठाला लावली आणि म्हणाला, "उतरा. इथून चालत." आम्ही होडी खांद्यावर घेऊन काठाकाठानं निघालो. कॅनडावाल्यानं विचारलं, "तूसुद्धा हा उतरत नाहीस?" तो म्हणाला, "हा मला जमत नाही." बस्स, एवढंच. एरवी नदीची खडान्‌खडा माहिती असलेला, पाण्यात माशासारखा वावरणारा माणूस, आणि किती सहज म्हणाला, 'जमत नाही'! मला वाटतं, म्हणूनच तो इतकी वर्षं त्या नदीत सुखरूप होता.

रात्री शेकोटीभोवती मक्याची कणसं आणि निखाऱ्यांवर भाजलेलं मटण, ज्याला तिथे 'मुचोमो' म्हणतात. सिस्टरनं मात्र सगळ्यांना तंबी दिली, "काही आठवड्यांनी तपासणी करून घ्यायची!" तिकडच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंतून बिल्हार्झिया नावाच्या आजाराचे जंतू पाण्यात येतात आणि कातडीतून अंगात शिरतात. औषध आहे, पण वेळेवर घ्यायला हवं.

रविवारी सकाळी आम्ही नाईलच्या उगमापाशी गेलो. तिथे बागेत कोण भेटलं सांगा! आपले गांधीजी! १९४८ साली त्यांच्या अस्थींचा काही भाग इथे नाईलमध्ये विसर्जित केला होता. त्याची आठवण म्हणून तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. १९९७ साली आपले तेव्हाचे पंतप्रधान इंदरकुमार गुजराल यांनी त्याचं अनावरण केलं. लहानपणीच्या आपल्या चुका, चोरी, खोटेपणा स्वतःच्या हातानं लिहून जगाला सांगणारा हा माणूस! त्यांच्यासमोर उभी असताना मला माझ्या फॉर्मवरची ती खूण आठवली.

आणि एकदम ते कोडं सुटलं. "येस, मॅडम!" म्हणणारी माझी बहात्तर मुलं! तीही काठावर उभी होती, बुटांकडे बघत. आपल्याला येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण पहिला हात कुणी वर करायचा?

सोमवारी वर्गात गेले. फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हटलं, "शनिवारी मी नाईलमध्ये गेले होते. मला पोहता येत नाही." वर्ग चिडीचूप. मग मी सगळं सांगितलं, फॉर्मवरच्या खोट्या खुणेसकट. फक्त सरांचं नाव सांगितलं नाही. ते नेमके दारातून जात होते, आत डोकावून म्हणाले, "मलाही येत नाही. आणि माझा एक बूट इजिप्तला निघालाय!" वर्गात हशा पिकला.

मग मी विचारलं. 'समजलं का?' असं नाही. विचारलं, "कुठपर्यंत समजलं आणि कुठे अडलं?"

बराच वेळ कुणी हललं नाही. मग शेवटच्या बाकावरून एक हात वर आला, कोपरापर्यंतच, चोरून. एक सडपातळ मुलगी, वर्षभर मी तिचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता. म्हणाली, "मॅडम, ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे मला पहिल्या दिवसापासून कळलेलं नाही." तिच्या मागोमाग दुसरा हात. तिसरा. मी मोजले, एकेचाळीस! त्या दिवशी आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सगळी मुलं पास झाली, असं मी म्हणणार नाही. तसं गोष्टीत होतं. पण मला शिट्टी कुणासाठी वाजवायची ते कळू लागलं.

आज तुम्ही जिंजाला गेलात, तर तो बुजागाली धबधबा तुम्हाला दिसणार नाही. खालच्या अंगाला धरण बांधलं, २०११ साली पाणी अडलं आणि ते खडक कायमचे पाण्याखाली गेले. तिथे आता शांत जलाशय आहे. जेरीकॅनवाला तो मुलगा आठवला की मला हळहळ वाटते. पण तेही खरं, की २००६ साली तिथे भारनियमनामुळे एक दिवस वीज तर एक दिवस अंधार असे, आणि माझी मुलं कंदिलाखाली डोळे फोडत अभ्यास करत. त्या धरणावर २५० मेगावॅट वीज तयार होऊ शकते. कोयनेच्या विजेवर वाढलेल्या आपण त्यांना नावं कशी ठेवायची? हळहळ आणि गरज, दोन्ही खऱ्या असतात.

आणि हो, मी पोहायला शिकले बरं का! भारतात परत आल्यावर, पुण्यातल्या एका तलावावर, सहा-सहा वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत उभी राहून. माझ्यापुढचा एक चिमुरडा मागे वळून म्हणाला, "काकू, तुम्हालापण येत नाही?" मी म्हटलं, "नाही रे. म्हणून तर आलेय!"

आता पावसाळा आहे. नद्या, ओढे, विहिरी भरताहेत. मित्र म्हणतील, "चल रे, उडी मार, घाबरतोस काय?" अशा वेळी एक वाक्य न लाजता म्हणा, "मला पोहता येत नाही." आणि येत असलं, तरी पुराच्या पाण्याला हात जोडून म्हणा, "हे मला जमत नाही." तो गाईडही इटांडापाशी हेच म्हणाला होता ना? शिकायचं असेल तर जाणत्या माणसाबरोबर, स्वच्छ, शांत पाण्यात. आणि मुलींनो, काठावर कपडे सांभाळत बसू नका. तुम्हीही शिका!

आणि उद्या वर्गात बाईंनी किंवा सरांनी विचारलं, "समजलं का?" तर? तुम्हाला नसेल समजलं, तर तुमच्या शेजारच्यालाही बहुतेक नसेल समजलेलं. तो वाट बघतोय. पहिला हात कुणाचा?

मला पत्र लिहा. 'मला हे येत नाही' असं एक तरी वाक्य त्यात खरं खरं लिहा. मी कुणाला सांगणार नाही. माझी यादी तर तुमच्याहून मोठी आहे. शिट्टी वाजवताही येत नाही मला!

भेटूया पुढच्या आठवड्यात.

तुमची,
ताई